डेक्स्ट्रोजची बाटली लावताना: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर, ब्रदर आणि इंटर्नसाठी

पहिल्या नाइट ड्यूटीला इन्चार्ज सिस्टरांनी मला सांगितलं, "कपाटातून दोन डी-फाइव्ह आणि एक डीएनएस काढ." दोन्ही ग्लुकोजच्या, म्हणजेच डेक्स्ट्रोजच्या सलाईनच्या बाटल्या, पण मी कपाटासमोर चांगली पाच मिनिटं उभी. सगळ्या बाटल्या एका साच्यातल्या, आत पाण्यासारखं पाणी. शेवटी झाकणाच्या रंगावरून तीन उचलल्या. त्या बरोबर निघाल्या हे नशीब. पुढच्या महिन्यात बाटल्यांची कंपनी बदलली आणि झाकणांचे रंगही बदलले.

त्याला आता अठरा वर्षं झाली. मेडिसिन, सर्जरी, मधली तीन वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड असं फिरून झालं. दर वर्षी नवी मुलं येतात आणि ग्लुकोजच्या बाटलीबाबत त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडखळतात. कोणी सांगितलेलं नसतं, कारण वॉर्डात ही बाटली कोणी औषध मानतच नाही. अँटिबायोटिक देताना तीनदा नाव वाचणारी मुलगी डी-५ मात्र बोलता बोलता लावून टाकते. म्हणून हे लिहायला घेतलं. ऑर्डर डॉक्टरांचीच आणि मात्रा तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलप्रमाणेच. इथे दिलेले आकडे ती ऑर्डर वाचताना डोकं जागं राहावं यासाठी आहेत.

१. बाटलीत काय आहे ते आधी पक्कं करा

डी-५ म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम ग्लुकोज. ५०० मिलीच्या एका पाइंटमध्ये २५ ग्रॅम. कॅलरी मोजल्या तर शंभरच्या आत, म्हणजे साधारण एका पोळीएवढ्या. "लई अशक्तपणा आलाय, ताकदीची एक सलाईन लावा" म्हणत गावाकडची माणसं येतात. त्यात एमव्हीआय (मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन) घालून पाणी पिवळं केलं की त्यांचं आणखी समाधान होतं. एक पोळी शिरेतून खायला चार तास खाटेवर पडून राहावं लागतं, हे त्यांना हसत हसत सांगायला शिका.

मुख्य गोष्ट पुढे आहे. हे ग्लुकोज शरीरात गेलं की पेशी ते उचलून वापरतात आणि मागे नुसतं पाणी राहतं, मिठाचा कणही नसलेलं. ते रक्तवाहिन्यांत थांबत नाही, सगळ्या शरीरभर झिरपतं, पेशींच्या आतही शिरतं. एक लिटर डी-५ दिलं तर रक्तात जेमतेम ८० मिली उरतं. त्यामुळे बीपी पडलेला, जुलाब-उलट्यांनी सुकलेला, भाजलेला, रक्त गेलेला किंवा डेंग्यूत शॉककडे निघालेला रुग्ण डी-५ ने भरून निघत नाही. तिथे आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा एनएस (नॉर्मल सलाईन, ०.९ टक्के मिठाचं पाणी). डोक्याला मार लागलेल्या रुग्णात तर हेच पाणी मेंदूत शिरून सूज वाढवतं. स्ट्रोकच्या रुग्णालाही साखर उतरलेली असल्याशिवाय डी-५ लावत नाहीत.

कपाटात आणखी काय असतं:

- डीएनएस: ५ टक्के ग्लुकोज आणि सोबत ०.९ टक्के मीठ. साखर वापरली गेली की मागे एनएस उरतं.
- डी-१०: १०० मिलीत १० ग्रॅम. हातातल्या चांगल्या शिरेतून चालतं.
- ट्वेंटी-फाइव्ह डी: १०० मिलीच्या छोट्या बाटलीत २५ ग्रॅम. रक्तापेक्षा जवळपास पाचपट दाट.
- फिफ्टी डी: त्याच्याही दुप्पट. लहान मुलांना कधीच नाही.
- मुलांच्या वॉर्डातली आयसोलाइट-पी: ग्लुकोज ५ टक्के, पण सोडियम लिटरला फक्त २५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास. रक्तात ते १४० असतं.

२. ऑर्डर वाचा आणि "कशासाठी?" असं विचारा

ग्लुकोजची बाटली पाच कारणांनी लागते: रुग्ण एनबीएम (तोंडाने काहीही द्यायचं नाही असा) आहे म्हणून, साखर उतरली म्हणून, सोडियम वाढलंय म्हणून, इन्सुलिनच्या जोडीला, किंवा एखादं औषध त्यात मिसळून द्यायचंय म्हणून. केस पेपरवर यातलं एकही कारण सापडलं नाही तर डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. "सर, हे डी-फाइव्ह नेमकं कशासाठी चालू आहे?" या प्रश्नावर बाटली बंद झालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "सीएसटी": कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, कालचंच पुढे चालू. पहिल्या दिवशी रुग्ण उपाशी होता म्हणून पाच पाइंट लिहिले. दुसऱ्या दिवशी हाउसमनला (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला) वेळ नाही, "सीएसटी". तिसऱ्या दिवशी रुग्ण वरण-भात खातोय, तरी "सीएसटी". बाटल्या आपल्या चालूच.

ऑर्डरीत चार गोष्टी हव्यात: कोणतं द्रव, किती मिली, किती तासांत, आणि त्यात काही मिसळायचं असेल तर ते. अंदाजासाठी लक्षात ठेवा: हृदय आणि किडनी ठीक असलेल्या उपाशी प्रौढाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० मिली पाणी पुरतं. ५० किलोच्या बाईला हे दीड लिटरपर्यंत जातं. उपासमारीचे कीटोन (चरबी जळून बनणारी आम्लं) थोपवायला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम ग्लुकोज पुरे होतं. पाच-सहा पाइंट लिहिलेले दिसले की रुग्णाचं वजन किती, हे एकदा बघाच.

३. लावण्याआधी रुग्णाची तपासणी

बीएसएल (रक्तातली साखर), वजन, शेवटचं सोडियम-पोटॅशियम, लघवी किती होतेय, पायावर सूज आहे का, धाप आहे का. आणि दोन प्रश्न नातेवाइकांना: शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? दारू किती?

दारूचा प्रश्न आडून विचारू नका, सरळ विचारा. रोज पिणारा, कित्येक दिवस नीट न जेवलेला, किंवा गरोदरपणात उलट्यांनी महिनाभर अन्न न टिकलेली बाई, अशांच्या अंगात थायमिन (व्हिटॅमिन बी-१) संपलेलं असतं. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं ते त्यात खर्च होतं आणि मेंदूला फटका बसतो: डोळे एका जागी ठरत नाहीत, तोल जातो, माणूस भांबावतो. म्हणून आधी किंवा सोबतच थायमिनचं इंजेक्शन. पण साखर ४० असेल तर थायमिन शोधत बसू नका. ग्लुकोज लगेच सुरू करा आणि थायमिन पाठोपाठ द्या.

बीएसएल घेताना बोट साबण-पाण्याने धुतलेलं हवं. एका मे महिन्यात एका आजोबांची साखर ४१२ आली. हाउसमनने इन्सुलिन सांगितलं, मी सिरिंज भरली आणि सुई टोचायला त्यांचा हात धरला, तर तो चिकट. उशीखाली आंब्याची साल. हात धुवून पुन्हा घेतली: १३६. स्पिरिटचा बोळा फिरवला होता, पण त्याने साखर पुरती निघत नाही.

४. ट्रेमध्ये काय हवं

- ऑर्डरीप्रमाणे बाटली, आयव्ही सेट (लहान मुलांना आणि नाजूक डोसला मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांचा, किंवा ब्युरेट, म्हणजे मोजपात्र असलेला सेट)
- इंट्राकॅथ (शिरेत घालायची नळी), टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा), स्पिरिट स्वॅब, चिकटपट्टी
- फ्लशसाठी एनएस
- ग्लुकोमीटर, स्ट्रिप, लॅन्सेट
- पेन आणि लेबलसाठी पांढरी पट्टी
- केस पेपर आणि आयओ चार्ट, म्हणजे आत गेलेलं पाणी आणि बाहेर आलेली लघवी यांची नोंद (हा ट्रेमध्ये कोणी ठेवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं)

५. बाटली उजेडात धरा

नाव वाचा, टक्केवारी वाचा, एक्स्पायरी वाचा. वाचा म्हणजे ओठ हलले पाहिजेत. मग बाटली खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरून उलटी-सुलटी करा. गढूळपणा, तंतू, काळा ठिपका, कापसासारखा पुंजका, काहीही दिसलं तर ती बाजूला काढा, बॅच नंबर लिहा आणि स्टोअरला कळवा. नंतर हाताने दाबा. कुठूनही थेंब आला तर ती बाटली वापरायची नाही. ग्लुकोज हे जंतूंचंही खाद्य आहे.

ही सवय अशीच पडलेली नाही. १९७२ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट भागातल्या हॉस्पिटलात ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्या जंतुदूषित निघाल्या आणि पाच रुग्णांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले. कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये खाली हवा अडकून राहिली होती, त्यामुळे खालच्या थरातल्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नाही. तापमापक कमी तापमान दाखवत होता, पण तो बिघडला असेल असं धरून बाटल्या पुढे पाठवल्या गेल्या. चौकशी झाली तेव्हा हे बाहेर आलं.

आपल्याकडे आपण स्वतः करतो ती घाण वेगळीच. थेंब हळू पडायला लागले की बाटलीच्या बुडात सुई खुपसायची, "हवा जायला". तीच सुई दिवसभर उघडी, वर पंख्याची धूळ. एअर व्हेंट असलेला सेट मागवा. दुसरी सवय ट्वेंटी-फाइव्ह डीची: ४० मिली वापरलं, उरलेलं खिडकीत ठेवलं, "रात्री लागेल". उरलेलं टाकून द्या. आणि चालू बाटली कितीही हळू चालली तरी २४ तासांवर ठेवू नका.

६. शीर निवडा

डी-५ आणि डीएनएसला हाताची कुठलीही चांगली शीर चालते. डी-१० ला जरा मोठी बघा. ट्वेंटी-फाइव्ह डी मनगटाच्या बारीक शिरेतून दिलं तर शीर जळते. लाईन आउट झालेली (सुई शिरेबाहेर आलेली) असेल आणि लक्षात आलं नाही तर आजूबाजूची कातडी काळी पडून झडते. कोपराजवळची मोठी शीर घ्या, आधी एनएसने फ्लश करून फुगत नाही हे पाहा, मग हळूहळू द्या आणि पुन्हा एनएसने धुवा. देताना एक बोट सुईच्या टोकाच्या पुढे, कातडीवर ठेवा. टरारलं, गार लागलं, की थांबा. साडेबारा टक्क्यांवरचं ग्लुकोज तासन्‌तास चालवायचं असेल तर सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) लागते. ते तुमच्या हातचं काम नाही, पण आठवण तुम्ही करायची.

रक्ताचा नमुना ड्रिप चालू असलेल्या हातातून घेऊ नका. साखर भरमसाट आणि सोडियम कमी येईल, आणि त्या खोट्या आकड्यावर कोणीतरी खरं इन्सुलिन लिहील. आयसीयूत आर्टरीच्या लाईनला फ्लश म्हणून चुकून ग्लुकोजची बाटली लागली तरी हेच होतं. ब्रिटनमध्ये २००८ साली याबद्दल देशभर इशारा काढावा लागला होता.

७. थेंब मोजा, नजरेने ठरवू नका

सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. आपल्याकडच्या साध्या सेटला बहुधा २०, मायक्रोड्रिपला ६०.

मिनिटाचे थेंब = मिली × सेटचा आकडा ÷ मिनिटं. ५०० मिली ८ तासांत, साधा सेट: ५०० × २० ÷ ४८० म्हणजे २१ थेंब. तोंडी हिशोब हवा तर २० च्या सेटला तासाचे मिली भागिले ३. मायक्रोड्रिपला तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब.

घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजा. पुन्हा पंधरा मिनिटांनी मोजा, कारण रुग्णाने हात वळवला की वेग बदलतो. आणि नातेवाईक चाक फिरवतात. "सिस्टर, लवकर संपली तर घरी जाता येईल ना?" म्हणून एकाने रात्री अख्खा पाइंट पाऊण तासात संपवला होता. ५० किलोच्या माणसाला तासाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ग्लुकोज झेपतं. त्यापेक्षा वेगाने गेलं की साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. चाकाला हात लावायचा नाही हे बाटली लावतानाच सांगा, रागावून नको.

८. मिसळताना

- रक्ताची पिशवी ज्या लाईनने जाणार तिथे ग्लुकोज नको. तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटतात. लाईन एनएसने धुवायची, रक्ताचा सेट वेगळा.
- फिट्सचं फेनिटॉइन डी-५ मध्ये टाकलं तर स्फटिक तयार होतात. ते एनएसमध्येच.
- ॲम्फोटेरिसिन-बीचं उलट: ते एनएसमध्ये फाटतं, डी-५ च लागतं. अमिओडॅरोनलाही डी-५.
- पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. थेट शिरेत कधीही नाही. बाटलीत घातल्यावर ती सात-आठ वेळा उलटी-पालटी करा, नाहीतर पोटॅशियम बुडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत तेच जातं. लटकत्या बाटलीत तर मुळीच टोचू नका. रक्तातलं पोटॅशियम आधीच खूप उतरलं असेल तर ते डी-५ मध्ये न देता एनएसमध्ये देतात. ग्लुकोज गेलं की शरीर इन्सुलिन सोडतं आणि इन्सुलिन उरलेलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं.

काहीही मिसळलं की पांढरी पट्टी: औषध, मात्रा, वेळ, तुमची सही.

९. लावल्यावर काय बघायचं

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिते आहे, कारण इथे माझ्याकडूनच चूक झाली होती.

एकोणीस वर्षांची मुलगी, ४२ किलो, अपेंडिक्सचं ऑपरेशन. एनबीएम. ऑर्डर: पाच पाइंट डी-५, दुसऱ्या दिवशी सीएसटी. त्यातल्या तीन बाटल्या माझ्या हाताने बदललेल्या. दुसऱ्या रात्री डोकं दुखतंय म्हणाली. ऑपरेशननंतर दुखतं, असं म्हणून पॅरासिटामॉल दिलं. मग उलट्या. उलटीचं इंजेक्शन दिलं. आयओ चार्ट पाहिला असता तर दिसलं असतं: आत गेलेलं अडीच लिटर, लघवी पाचशेच्या खाली. पाहिला नाही. पहाटे तिची आई स्टीलचा पेला हातात धरून टेबलाशी आली. "सिस्टर, ती मला मावशी म्हणतीये." मी उठून खाटेपर्यंत जाते तोवर मुलीला फिट आली. साखर १४२. सोडियम ११७.

झालं काय होतं? ऑपरेशन, वेदना, मळमळ, न्यूमोनिया, मेनिंजायटिस, अशा ताणात शरीर एडीएच नावाचं संप्रेरक सोडत राहतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. त्यात वरून आपण बिनमिठाचं पाणी ओततो. साखर वापरली जाते, पाणी बाहेर जात नाही, सोडियम पातळ होत जातं आणि मेंदू फुगतो. त्या पहाटे हाउसमनने धावत येऊन डी-५ बंद केलं आणि ३ टक्के सलाईन सुरू केलं. मुलगी वाचली, आठवड्याने चालत घरी गेली. मी मात्र तेव्हापासून डोकेदुखी आणि उलटी या दोन शब्दांवर ड्रिप असलेल्या रुग्णाची बाटली आधी वाचते, गोळी नंतर देते.

म्हणून ड्रिप चालू असताना:

- डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, असंबद्ध बोलणं दिसलं तर ड्रिप रोखा, डॉक्टरांना बोलवा, साखर आणि सोडियम दोन्ही मागा. "साखर नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका.
- ड्रिप एक दिवसाच्या पुढे चालली तर रोज सोडियम-पोटॅशियम आणि शक्य असेल तर वजन.
- बीएसएल चार ते सहा तासांनी. इन्सुलिन चालू असेल तर तासातासाने.
- दर शिफ्टला लाईनची जागा पाहा: लाली, दोरीसारखी कडक शीर, सूज.
- धाप किंवा खोकला वाढला, छातीत खरखर आली तर ड्रिप बंद आणि रुग्णाला बसता करा.

१०. साखर उतरलेला रुग्ण

बीएसएल ७० च्या खाली आली की हालचाल करायची, ५४ च्या खाली म्हणजे धावपळ. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर आधी तोंडाने: १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखरही चालते, पण रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर ती उपयोगी पडत नाही. ही औषधं साखरेचं विघटनच अडवतात. वॉर्डात ग्लुकोज पावडरचा डबा ठेवा.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ट्वेंटी-फाइव्ह डी १०० मिली पाच-दहा मिनिटांत, किंवा डी-१० १५० ते २०० मिली पंधरा मिनिटांत. मला डी-१० जास्त आवडतं: शीर वाचते आणि साखर उसळून परत आपटत नाही.

आता फसवणारी गोष्ट. एक आजोबा, किडनी कमजोर, ग्लिमेपिराइड चालू, तापाने दोन दिवस पोटात अन्न नाही, तरी गोळी नेमाने घेतलेली. साखर ३१. ट्वेंटी-फाइव्ह डी दिलं आणि चार मिनिटांत डोळे उघडून म्हणाले, "च्या आण गं." सगळा वॉर्ड हसला. बीएसएल १६८. मुलगा सुटी मागायला लागला, आणि ती मिळण्याच्या बेतात होती. तीन तासांनी अंथरूण घामाने भिजलेलं, साखर ४६. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते आणि किडनी कमजोर असली की दोन-तीन दिवस अंगातून जात नाही. अशा रुग्णाला बोलसनंतर (एकदम दिलेल्या मात्रेनंतर) डी-१० ची ड्रिप, तासाने बीएसएल, किमान एक दिवस नजरेखाली. जाग आली म्हणजे प्रश्न सुटला असं धरू नका.

११. डायबेटिसवाल्याला ग्लुकोज? हो

"आधीच शुगर आहे आणि तुम्ही ग्लुकोज लावताय?" हा प्रश्न येणारच. कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन साचतात तेव्हा) सुरुवात एनएसने होते, पण साखर २५० च्या आसपास आली की ग्लुकोज जोडतात. कीटोन संपायला इन्सुलिन चालू ठेवावं लागतं आणि ते चालू ठेवायचं तर साखर खाली पडू द्यायची नाही. नातेवाइकांना हे दोन वाक्यांत सांगा, नाहीतर तुम्ही पाठ वळवली की ते स्वतःच चाक बंद करतात.

पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला १० युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज देतात. इन्सुलिनचा असर ग्लुकोजपेक्षा लांब टिकतो, म्हणून पुढचे सहा तास तासाने बीएसएल. आणि सिरिंज बघा. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने "१०" पर्यंत भरलं तर २५ युनिट जातात.

१२. बाळं आणि बाळंतिणी

नवजात बाळाची साखर उतरली तर किलोमागे २ मिली डी-१०, सावकाश. ३ किलोच्या बाळाला ६ मिली. मग ड्रिप. डी-१० संपलं असेल तर ७५ मिली डी-५ मध्ये २५ मिली ट्वेंटी-फाइव्ह डी मिसळलं की १०० मिली डी-१० होतं. हे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या आणि ब्युरेटमधूनच चालवा. मोठ्या मुलांना मेंटेनन्ससाठी (रोजची पाण्याची गरज भागवायला) आता सोडियम पुरेसं असलेलं, म्हणजे डीएनएससारखं द्रव सुचवलं जातं. आयसोलाइट-पी सवयीने लागतंय का, हे विचारत जा.

कळा देणाऱ्या बाईला ऑक्सिटोसिन डी-५ मध्ये घालू नका, आरएल किंवा एनएसमध्ये घाला. ऑक्सिटोसिन स्वतःच पाणी धरून ठेवतं. शिवाय आईला भराभरा ग्लुकोज गेलं की पोटातलं बाळ इन्सुलिन वाढवतं, आणि नाळ कापल्यावर त्याची साखर धाडकन उतरते.

१३. बंद करणं आणि हँडओव्हर

रुग्ण तोंडाने नीट खायला-प्यायला लागला की ड्रिप काढा. डी-५ सरळ बंद करता येतं. डी-१० किंवा त्यावरचं तासन्‌तास चालू असेल तर वेग टप्प्याटप्प्याने कमी करा, कारण शरीराचं इन्सुलिन अजून चढलेलं असतं. काढल्यावर तासाभराने एक बीएसएल.

हँडओव्हरला "ड्रिप चालू आहे" एवढं म्हणू नका. मी नव्या मुलींकडून असं लिहून घेते: "खाट ७. डी-१०, ५०० मिली, सकाळी ६.१० ला सुरू, मिनिटाला १७ थेंब. कारण: ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरली. शेवटचं बीएसएल ७.४५ ला ११२, पुढचं ८.४५ ला. सोडियम काल १३६, आजचा नमुना डाव्या हातातून गेला. लाईन उजव्या कोपराला, सूज नाही. रात्रीची लघवी ६०० मिली. मुलगा चाकाला हात लावतो, लक्ष ठेवा."